बुरूज हलला का?

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे अंगणात राहत होतो. कोसबाडच्या डोंगराखाली आमची चिकूची वाडी, वाडीत घर, आणि घराच्या मागे अगदी खेटून एक जुना दगडी बुरूज. तो कोणी बांधला हे पाहुण्यांना मी आजवर दोन-तीन प्रकारे सांगितलं आहे.

डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, आणि जन्मात पहिल्यांदाच घरातल्या प्रत्येकाने बुरुजाकडे मान वर करून पाहिलं. पडला तर थेट आईच्या मागच्या खोलीवर. मग निळी ताडपत्री बांधून आई, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली, मी आणि बायको असे सगळे तिच्याखाली आलो. एका ताडपत्रीखाली नवराबायकोला धड भांडताही येत नाही. बायकोने "अहो" म्हटलं की वहिनी भांडी घासायची थांबायची.

आईचं एकच म्हणणं होतं. "मला दार लावून झोपायचंय."

"जेसीबी बोलावतो," दादा म्हणाला. "बुरूज गेला की सगळे आत."

मी बुरुजाच्या बाजूने बोललो. इतिहासाचं प्रेम वगैरे सांगितलं, पण खरं म्हणजे बुरूज सोडला तर पाहुण्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या एका कॉलेजातली मुलगी लेझरचं यंत्र घेऊन आली. ती म्हणाली, एकदा आत्ता मोजते, एकदा काही आठवड्यांनी. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की बुरूज हलला का ते कळेल. तोवर जेसीबी थांबवायचं कबूल करून दादा माझ्याकडे असा बघू लागला, जणू धक्के मीच आणले होते.

बाहेरून बुरूज आणि घर मोजून झाल्यावर तिने यंत्र तिपाईसकट बुरुजाच्या आतल्या खोलीत मांडलं. "काका, चालू झाल्यावर आत कोणी नको," ती म्हणाली. पण मी तिला एक कोनाडा दाखवायला आत शिरलो होतो आणि बोलत राहिलो होतो. यंत्र फिरू लागलं. दाराच्या आणि माझ्या मध्येच ती तिपाई. मी पोट आत ओढून कोनाड्यात उभा राहिलो.

आणि धक्का बसला.

वरून माती पडली. पळायचं तर यंत्र आडवं येत होतं, न पळायचं तर बुरूज डोक्यावर. मी देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं ते आठवत नाही. बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, आत कशाला मरायला गेलात?" त्याही अवस्थेत मला बरं वाटलं. किती दिवसांनी ती मोकळेपणाने बोलली होती.

धक्का थांबला. मुलीने आत डोकावून यंत्राकडे पाहिलं. "हे परत घ्यावं लागणार. काका, तुम्ही हललात."

"मी नाही गं बाई, जमीन हलली."

काही आठवड्यांनी ती पुन्हा आली, आणि दुसऱ्या मोजणीनंतर लॅपटॉप घेऊन ताडपत्रीखाली बसली. असंख्य ठिपक्यांचा आमचा बुरूज, पुढे ठिपक्यांचं घर, ठिपक्यांची चिकूची झाडं. जे जागेवर आहे ते निळं, सरकलेलं लाल. बुरूज पायापासून माथ्यापर्यंत निळा होता. आईची कौलारू खोलीही निळी. मी दादाकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू बुरूज मीच धरून ठेवला होता.

"आणि हे लाल काय?" दादाने विचारलं.

घराच्या पुढच्या बाजूला स्लॅबची एक खोली आहे. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून, त्याचं काही न ऐकता मी ती हौसेने बांधून घेतली होती. आमची, म्हणजे माझी आणि बायकोची. ती लालभडक होती.

"घराचं मी ठरवू शकत नाही," मुलगी जरा चाचरत म्हणाली. "बांधकामातल्या माणसाला दाखवा."

त्याप्रमाणे एक इंजिनीयर आला. मागची जुनी खोल्यांची ओळ त्याने वापरायला हरकत नाही म्हटलं, आणि माझी खोली बाहेरूनच बघून कुलूप लावायला सांगितलं.

त्याच दिवशी आई काठी टेकत आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. पाठोपाठ दादाचं बिऱ्हाडही आत गेलं. "तुम्ही दोघंही या, दाटीवाटीने राहू," वहिनी म्हणाली. मी उठलोही होतो, पण बायकोने हात धरून बसवलं.

ताडपत्रीखाली आम्ही दोघंच उरलो. मागे बुरूज तसाच ताठ उभा. बायकोने माझ्या स्लॅबकडे एकदा नीट पाहिलं, पदर खोचला आणि समोर मांडी घालून बसली.

"हं," ती म्हणाली. "आता बोलू."