दही-साखर आणि रेडॉनचं लायसन्स

अदृश्य शत्रूशी लढण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा तरी येतो. माझ्या आयुष्यात तो आला तेव्हा कळलं, की त्यासाठी आधी ऑनलाइन कोर्स करावा लागतो.

शत्रूचं नाव रेडॉन. जमिनीतून, खडकांतून वर येणारा वायू. रंग नाही, वास नाही. बंद घरात साठत जातो आणि वर्षानुवर्षं फुप्फुसं पोखरतो. इलाज मात्र साधा आहे. फरशीखाली पाइप घालायचा, त्याला पंखा जोडायचा आणि ती हवा छपराच्या वर सोडून द्यायची. मस्कतमध्ये एसीचं डक्टिंग करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. हवा इथून तिथे नेणं एवढंच मला येतं. पण आमच्या कंपनीला काम देऊ पाहणाऱ्या एका परदेशी गिऱ्हाइकाने कळवलं, की त्यांच्या माणसांच्या बंगल्यांत हे काम त्यांच्या देशातलं लायसन्स असलेल्या माणसानेच करायचं.

अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, मला बोलावलं. तो हिंदी छान बोलतो आणि वाईट बातमी हसत देतो.

"इम्तिहान दे दो," तो म्हणाला. "पास हो गया तो तुम्हारा कार्ड रिन्यू. इन्शाल्ला."

"और फेल हुआ तो, अर्बाब?"

"तो खलास. घर जाके आम खाना."

तो हसला, म्हणून मीही हसलो. माझं रेसिडेंट कार्ड महिनाभरात संपणार होतं. मुलगी बारावीला होती, बोर्डाची परीक्षा तीन-चार महिन्यांवर आली होती. माझं कार्ड गेलं की अल् घुब्रातला फ्लॅट सोडून आम्ही तिघंही परत गावी, चिपळूणला जाणार. शिवाय तो आंब्याचा सीझनही नव्हता.

नियमावली मी रोज ऑफिसातून आल्यावर वाचायचो. भाषा धर्मग्रंथाची होती. कोर्स पूर्ण करा, परीक्षा द्या, प्रतिज्ञा लिहून द्या. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. पंख्यावर पाटी लावा. दोन वर्षांनी पुन्हा शिका. मोजणारा आणि दुरुस्त करणारा एकच असेल, तर घरमालकाला ते आधी लेखी कळवा. आमच्या धंद्यात 'कॉम्प्रेसर गेला' असं सांगणारा आणि नवा कॉम्प्रेसर विकणारा नेहमी एकच असतो. तो नियम वाचून मला थोडं लाजल्यासारखं झालं.

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर. पलीकडे निरीक्षक. खोलीत दुसरं माणूस आलं किंवा काही देणं-घेणं झालं, तर परीक्षा रद्द. पुन्हा अर्ज करता आला असता, पण माझं कार्ड संपल्यानंतर.

शुक्रवारी सकाळी दहाला मी मुलीच्या खोलीत दार लावून बसलो. निरीक्षक एक बाई होत्या, दिसत नव्हत्या, नुसता आवाज. त्या त्यांच्या इंग्रजीत बोलत होत्या, मी माझ्या.

"कॅमेरा खोलीभर फिरवा. थांबा. भिंतीवर ते काय आहे?"

मुलीचा केमिस्ट्रीचा तक्ता. सगळी मूलद्रव्यं रांगेत उभी.

"त्यात रेडॉन आहे," बाई म्हणाल्या. "तक्ता काढा."

मी कोपरा धरून ओढला. दाराबाहेरून मुलगी ओरडली, "बाबा, पुल नका करू! डबल टेप आहे!" तोवर तक्ता माझ्या हातात आला होता आणि त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही. भाड्याच्या घराची भिंत. पण तिची काळजी करायला वेळ नव्हता. घड्याळ सुरू झालं.

मी दुसऱ्या प्रश्नावर होतो. दार उघडलं आणि बायको वाटी घेऊन आत आली.

"अहो, हात पुढे करा."

मी डोळ्यांनी 'जा' म्हणालो.

"डोळे काय वटारताय? पोरीला प्रत्येक पेपरला देते, तुम्हालाच नको होय?"

मी ठामपणे नको म्हणायला हवं होतं. पण पहिलीपासून परीक्षेच्या दिवशी कुणी चमचा पुढे केला की माझा हात आपोआप पसरतो. पसरला. तिने दही-साखर घातली. मी चाटली.

स्क्रीन गोठला. 'परीक्षा थांबवण्यात आली आहे,' अशी पाटी त्यावर आली.

"त्यांनी तुमच्या हातावर काय दिलं?" आवाज आला.

"दही."

"आणखी काय?"

"साखर."

"आता ते कुठे आहे?"

"खाल्लं."

दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. मग वाटी. बायकोने ती इतकी जवळ नेली, की पलीकडे नुसता पांढरा पडदा दिसला असणार. "घरीच लावलंय म्हणावं," ती म्हणाली, "विकतचं नाही." बाई म्हणाल्या, वरिष्ठांना विचारते.

अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत मी चिपळूणच्या कॉलेजांची आठवण काढत होतो. बारावीत मधूनच कोण घेईल? घेतलं तरी मुलीचं मराठी ऐकून पोरं हसतील. तळहात चिकट झाला होता, पण पुसायची हिंमत होईना; पुसणं पुरावा नष्ट करण्यासारखं दिसलं असतं.

बाहेर बायको मुलीला विचारत होती, "मी काय चुकले गं?"

"काही नाही, आई. बट बाबांचा जॉब आहे ना त्यात."

बाहेर वाटी सिंकमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

शेवटी आवाज आला. "खाद्यपदार्थाबद्दल ताकीद नोंदवली आहे. पुढे चला."

मी पुढे गेलो. चिकट हाताने, दाराकडे एक डोळा ठेवून, काठावर पास झालो.

लायसन्स ईमेलने आलं. अर्बाबने प्रिंट उलटसुलट करून पाहिली. "मोहर किधर है?" शिक्का नसलेला कागद त्याने जन्मात पाहिला नव्हता. तरी कार्ड रिन्यू झालं, दोन वर्षांसाठी. मुलीने बोर्डाचे पेपर इथेच दिले, प्रत्येक पेपरला दही-साखर खाऊन.

दरम्यान त्या बंगल्यांची मोजणी झाली. सगळे आकडे मर्यादेच्या आत आले, कुठेच पाइप घालायची गरज पडली नाही.

लायसन्सची एक प्रत मी फ्रेम करून घेतली आणि मुलीच्या खोलीत टांगली, जिथला रंग निघाला होता तिथे. फ्रेम दोन बोटं लहान पडली.