बाबांचा प्राणायाम आणि माझी चूल

आमच्या मंडळीत हल्ली वाद चालू आहे, ख्रिस्ती माणसाने योग करावा की करू नये. तरुण पोरं म्हणतात, तो व्यायाम आहे. काही मोठी माणसं म्हणतात, ती दुसऱ्या धर्माची उपासना आहे. परवा मलाही विचारलं, कारण माझ्याइतकं म्हातारं आता मंडळीत कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच आहे. मी चौथीपर्यंत शिकले, शास्त्रातले बारकावे मला कळत नाहीत. पण या प्रश्नाचा निकाल आमच्या घरात एकदा लागला होता आणि तो माझ्यामुळे वाकडा लागला. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही कर्जतला भिसेगावात दोन खोल्यांत राहत होतो. नवरा स्टेशनात सांधेवाला, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, सासूबाई आधीच वारलेल्या, आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. त्यांची निम्मी नोकरी घाटाच्या इंजिनावर आगवाला म्हणून कोळसा टाकण्यात गेली होती. नंतर विजेची इंजिनं आली, पण तोवर कोळसा छातीत जायचा तो गेला होता. त्यांना दमा होता. धाप लागली की ते ओट्यावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायचे आणि खांदे वर-खाली करायचे. बघवत नसे. सुरुवातीला तरी मला बघवत नसे. पुढे सवय झाली.

आमच्यापासून चौथ्या घरात एक पेन्शनर मास्तर राहत. जातीने ब्राह्मण, माणूस मोकळा. त्यांनी बाबांना ओट्यावर असं बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "आगवाले, श्वास घ्यायला शिकवू का?"

बाबा म्हणाले, "साठ वर्सं घेतोय की."

"घेताय, पण सोडत नाही. सावकारासारखं धरून बसता."

बाबा हसले आणि त्या हसण्यानेच त्यांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या दिवसापासून मास्तर येऊ लागले. ताठ बसायचं, एक नाकपुडी दाबायची, दुसरीने हळू ओढायचं, मग बदलायचं. मांडी घालणं बाबांना जमेना, म्हणून ते पाटावर पाय पसरून बसत. मास्तर म्हणाले, सुरुवातीला ॐ म्हणा. बाबा म्हणाले, "त्ये मी म्हननार नाय. मी किरिस्ताव हाय."

"मग नका म्हणू. आकडे मोजा. नाक तुमचं, हवा आकाशातली, माझा देव यात कुठे येतो?"

तीन-चार महिन्यांत फरक पडला. बाबा न थांबता स्टेशनापर्यंत जाऊन येऊ लागले. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

आता माझं. मास्तरांनी बजावलं होतं की त्या अर्ध्या तासात घरात धूर नको. रॉकेल रेशनवर होतं आणि तेही मिळेलच असं नाही, त्यामुळे सगळा स्वयंपाक चुलीवर. बाबा बसत उजाडता उजाडता, आतल्या खोलीत, चुलीपासून चार हातांवर. ओट्यावर नाक धरून बसायला ते लाजत. आपल्या मंडळीतलं कोणी बघेल ही धास्ती. मग मला चूल मागच्या अंगणात तीन दगडांवर पेटवावी लागे. थंडीत दवाने लाकडं ओली, वारा सुटलेला, फुंकून फुंकून डोळे लाल. नवरा रात्रपाळी करून सात वाजता यायचा तेव्हा भाकरी झालेली नसायची. तो बोलायचा मला. बापाला एक शब्द बोलायचा नाही.

"तुझा सासरा श्वास घेतोय तोवर मी उपाशी मरतो," म्हणायचा.

मला बाबांचा राग येऊ लागला. दम्याचा नाही, प्राणायामाचा नाही. चुलीचा.

आमची मंडळी लहान होती, दहा घरं. स्टेशनातली काही, माथेरानच्या हॉटेलांत कामाला जाणारी काही. देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं, एका घराच्या पुढच्या खोलीत उपासना व्हायची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा गाडीने येत आणि रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, देत. आदल्या दिवशी ते प्रत्येक घरी चहाला जात आणि विचारत, घरात भांडण आहे का, दारू आहे का, देवाला न आवडणारं काही चालतं का. ज्याच्या घरात असेल त्याने त्या महिन्यात प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, अशी पद्धत होती. उत्तर सगळ्यांचं एकच ठरलेलं, नाही. दारू पिणारेही नाही म्हणत.

त्या शनिवारी बाबा बाजारात गेले होते. नवरा झोपला होता. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी म्हटलं, "बाबा रोज सकाळी नाक धरून बसतात. मास्तर शिकवतात. डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात."

हे बोलताना माझ्या मनात देव नव्हता. घरातली चूल होती.

आणि बाबा काय पुटपुटतात ते मला ठाऊक होतं. आकडे मोजताना ते चुकायचे, मग त्यांनी आकडे सोडून प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ती, धरली होती. अर्धी ओळ आत, अर्धी ओळ बाहेर. पूर्ण प्रार्थना झाली की नाकपुडी बदलायची. चार हातांवर माझं फडताळ होतं, मी पीठ काढायला आत जायचे तेव्हा रोज ऐकायचे. ते मी सांगितलं नाही.

पाळकसाहेब बाबा येईपर्यंत थांबले. बाबा पिशवी ठेवून समोर बसले. नवराही आवाजाने उठून आला.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आपण दहा घरं. आज तुम्ही नाक धराल, उद्या पोरं म्हणतील हिंदूंच्या देवळात बसलो तर काय बिघडलं. मग आपण वेगळे कशाने?"

बाबा म्हणाले, "साहेब, आदामाच्या नाकात देवानंच वारा घातला ना? मग नाक त्यांचं कसं?"

नवऱ्याला हसू आलं. पाळकसाहेबांनाही आलं असावं, त्यांनी बशी तोंडाला लावली. मग विचारलं, "आणि मंत्र कोणता म्हणता?"

"मंत्र नाय."

"पुटपुटता ते काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐकते हे त्यांना माहीत होतं. मी सांगेन म्हणून त्यांनी वाट पाहिली. मी चहाची पातेली उचलून आत गेले. आतून मला ऐकू आलं की बाबा काही बोलले नाहीत. मग पाळकसाहेब म्हणाले, "तुमची शांतताच सांगते."

दुसऱ्या दिवशी उपासनेत बाबा दाराशी बसले. भाकर त्यांच्या समोरून पुढे गेली. चाळीस वर्षं ते घेत आले होते. घरी येताना ते कोणाशी बोलले नाहीत आणि आल्यावर त्यांनी पाट भिंतीला लावून ठेवला. पुढच्या महिन्यात त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की नाक धरणार नाही, आणि त्यांना भोजन मिळालं. मास्तर आले तेव्हा बाबांनी हात जोडले. मास्तर समजले. म्हणाले, "तुमचा धर्म तुम्हाला ठाऊक, आगवाले. फिरणं तरी सोडू नका."

मी सोमवारपासून चूल आत पेटवू लागले. नवऱ्याला वेळेवर भाकरी मिळू लागली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू. चांगले दोन-तीन महिने बरं वाटलं.

पावसाळ्यात बाबांचा दमा पुन्हा उसळला. स्टेशन राहिलं दूर, विहिरीपर्यंत जाणं होईना. लाकडं ओली, घरभर धूर, ते दिवसभर ओट्याच्या भिजणाऱ्या कडेला बसून राहत. डॉक्टरची औषधं चालू होती. मी एकदा त्यांना गूळपाणी द्यायला गेले आणि म्हटलं, "बाबा, करा ना ते. मी कोणाला सांगणार नाही."

"आता नाय सांगनार. तवा सांगितलंस."

त्यांनी पाणी प्यायलं, मध्ये दोनदा थांबून.

"तू सांगितलंस म्हनून नाय सोडलं गं. शब्द दिलाय मी."

"मी पाळकसाहेबांना सांगते. तुम्ही प्रार्थना म्हणत होता ते सांगते."

"मी तवाच सांगितलं असतं. लाज वाटली. प्रभूच्या प्रार्थनेचं माप केलं मी, पायलीनं भात मोजावा तसं. बरं का वाईट, मला कळंना. तू सांगितलं असतंस तर साहेबांनी ठरवलं असतं." मग म्हणाले, "सांग आता. पर त्ये इचारतील, तवा का नाय बोललीस. काय सांगशील?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच काळजी होती की मी काय सांगणार. ते चुलीकडे बघत नव्हते, तरी मला वाटलं त्यांना सगळं कळलेलं आहे.

पाळकसाहेब त्या महिन्यात आले. मी आठवडाभर मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते समोर बसले, शेजारी नवरा बसला. मी बोलले असते तर नवऱ्यासमोर बोलावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी मी बसले असते, दहा घरांतल्या बायकांसमोर. पाळकसाहेबांनी नेहमीचं विचारलं, देवाला न आवडणारं काही चालतं का. मी म्हटलं, नाही. आणि रविवारी मी भाकर घेतली. नवऱ्याच्या आधाराने आलेले बाबा माझ्या पुढे बसले होते, त्यांच्या पाठीची हाडं श्वासागणिक सदऱ्यातून दिसत होती. तो घास मी कसा गिळला ते मला आठवतं.

कदाचित मी सांगूनही पाळकसाहेब नाहीच म्हणाले असते. प्रार्थनेचं माप करणं हे आणखी वाईट, असंही म्हणाले असते. कदाचित प्राणायाम करूनही बाबा त्याच पावसात गेले असते, दमा जुना होता. ही दोन्ही वाक्यं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. त्यांचा उपयोग होत नाही. कारण ठरवायचं पाळकसाहेबांना होतं, आणि ठरवायला लागणारी गोष्ट माझ्यापाशी होती.

गणपती होऊन चार-पाच दिवस झाले असतील, दुपारी बाबा ओट्यावरच गेले. बसल्या बसल्या. मी भांडी घासत होते. श्वासाचा आवाज थांबला तेव्हा मला आधी वाटलं, बरं वाटलं वाटतं त्यांना.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आले. कबरीपाशी ते चांगलं बोलले. म्हणाले, या भावाला एका गोष्टीने आराम पडत होता, पण विश्वासासाठी त्याने ती सोडली, श्वासापेक्षा प्रभू मोठा मानला, आपल्या पोराबाळांना हे सांगत जा. बायका रडल्या. नवरा रडला. एकीने माझा हात दाबून म्हटलं, "असा सासरा मिळायला भाग्य लागतं गं." मी मान हलवली. पुढे कित्येक वर्षं आमच्या मंडळीत बाबांचा दाखला देत. मीही समोर बसून ऐकत आले.

मास्तर कबरस्तानाच्या बाहेर रस्त्यावर छत्री घेऊन उभे होते. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नसावं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, "सूनबाई, शेवटी त्रास झाला का हो त्यांना?"

मी म्हटलं, "नाही मास्तर. शांत गेले."

त्यांनी छत्री माझ्यावर धरली आणि घरापर्यंत सोबत चालले. मी मनात आणलं असतं तर तेवढ्या वाटेत सगळं सांगून झालं असतं.