अण्णांना हवं असलेलं बटण

मित्रांनो, बटण दाबल्यावर आवाज कसा काढायचा, हे मी मागच्या आठवड्यात इथेच, एक्सेलच्या या ग्रुपवर विचारलं होतं. तुम्ही दिलेला कोड चालला. तरी आज पुरता अडकलोय.

माझे वडील, अण्णा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. म्हणून मी एक्सेलच्या शीटवर मोठमोठी बटणं केली. पाणी, चहा, दुखतंय, संडास. डाव्या हाताने माउस क्लिक केला की माझ्या आवाजात तो शब्द ऐकू येतो.

आज दुपारी त्यांनी 'पाणी' दाबलं. आईने पेला आणला, तर मान हलवून नको म्हणाले. मग 'चहा'. तोही नको. 'दुखतंय' दाबल्यावर आई घाबरलीच.

"कुठं दुखतंय हो? छातीत का?"

पुन्हा नकार. मग ते एकेक बटण दाबतच राहिले. खोलीभर माझा आवाज पाणी, चहा, दुखतंय म्हणत होता आणि अण्णा रडत होते.

"अण्णा, मी नवीन बटण करतो ना. कशाचं करू?"

त्यांना सांगता आलं असतं तर बटण कशाला लागलं असतं! शेवटी माउस सोडून ते भिंतीकडे तोंड करून पडले.

आई अजून त्यांच्या पायाशी बसलीये. मी कोड उघडून बसलोय, पण नव्या बटणावर काय लिहू तेच कळत नाही.

तुमच्या घरी असं कुणी आहे का? तुम्ही त्यांना काय विचारता?