परतीचा पाइप

त्याला सगळे नाकवाले मिस्त्री म्हणत, आणि हे नाव त्याने फुकट मिळवलेलं नव्हतं. गाडीत कुठे पेट्रोल झिरपत असेल तर दिवा नाही, आरसा नाही, डोळे मिटून तो गाडीभोवती एक फेरी मारायचा. मध्येच थांबून बोट दाखवायचा. बोटाखाली गळती असायचीच. गिऱ्हाइकं चहाचा कप हातात धरून ही फेरी बघत उभी राहत.

गेल्या वर्षी तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. हे आधी बायकोच्या लक्षात आलं. शेगडीवर दूध करपून भांडं काळं पडलं, तरी हा शेजारी बसून निवांत पेपर वाचत होता. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आला तर येईल. मग बाहेर कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. म्हणजे ठरवलं त्याने, ती गप्प राहिली. फेरी तो मारतच राहिला. फक्त आधी गुपचूप सांध्यांवरून बोट फिरवून ओल बघून ठेवायचा. आतापर्यंत देवाने सांभाळून घेतलं होतं.

अशात व्याही गाडी घेऊन आले. मुलीचे सासरे. कापडाचं दुकान, मोठा आवाज आणि खिशात कायम तपकिरीची डबी. गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, जाड पत्र्याची, डौलदार. पण इंजिन धूर ओकत होतं. कुठल्याशा ठोकलेल्या नव्या गाडीचं धडधाकट इंजिन त्यांनी मिळवलं होतं. तेवढं यात बसवा, म्हणाले. मुलगी बाळाला घेऊन माहेरी आलेली होती. सुनेला आणि नातीला येत्या रविवारी याच गाडीतून घरी न्यायचं, हा त्यांचा बेत. इंजिनातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, पण नाकवाल्यांची फेरी झाली की आपण निर्धास्त, हे ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून गेले.

जुन्या इंजिनाचं पोट साधं होतं. लागेल तेवढं पेट्रोल ते आपलं आपण ओढून घ्यायचं, पाइपात जोर असा नसायचाच. नव्या इंजिनाला पेट्रोल दाबाने पोचवावं लागतं. टाकीत विजेचा पंप, आणि तिथून पुढे सगळा रेटा. जुन्या रबरी नळ्या तो सोसत नाहीत, फुगतात आणि फुटतात. म्हणून त्याने टाकीपासून इंजिनापर्यंत नवा स्टीलचा पाइप हाताने वाकवून बसवला, सायलेन्सरपासून चार बोटं लांब ठेवून. जोडांवर दाबाची जाड नळी घातली. नळी आवळणारे जुने क्लॅम्प तिच्यात रुततात, ते फेकून गोल कडेचे लावले. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती.

इंजिनाने न वापरलेलं पेट्रोल टाकीत परत जायला मात्र आणखी एक पाइप लागतो. त्यासाठी त्याने जुन्या इंजिनाला पेट्रोल नेणारा गाडीचा लोखंडी पाइपच ठेवला. बरेच मिस्त्री ठेवतात. परतीला दाब फारसा नसतो. घासून बघितला तर चकाकत होता. मागच्या चाकापाशी एका पट्टीने तो पत्र्याला धरलेला होता, ती पट्टी सोडवून आत बघायचं राहिलं. पूर्वी कधी बघावं लागलं नव्हतं. पाइपात पेट्रोल सोडलं की पुढचं नाक सांगायचं. हात जुन्या सवयीने चालले. नाक गेल्याचं हातांना कुणी कळवलं नव्हतं.

रविवारी देवाचं नाव घेऊन चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. व्याही खूश. फेरी झाली. "पास?" त्यांनी विचारलं. "पास," तो म्हणाला. बायको फाटकाशी पिशव्या घेऊन उभी होती. तिने दुसरीकडे बघितलं.

मुलगी बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली. वारा होता म्हणून तिने काच वर केली आणि सहज म्हणाली, "बाबा, तुमच्या गॅरेजचा वास अजून तसाच आहे हं. पेट्रोल पेट्रोल."

तो जागच्या जागी थांबला. पाहुणे येणार म्हणून कालच त्याने फरशी साबणाने धुतली होती. दुसरी गाडी आत नव्हती, पेट्रोलचे डबे मागच्या अंगणात होते. मग वास कशाचा?

"उतर," तो मुलीला म्हणाला. "बाळाला घेऊन उतर आणि लांब उभी राहा."

"काय झालं?" व्याह्यांनी विचारलं.

"मला वास येत नाही. तापानंतर कसलाच येत नाही. आत्ता फेरी मारली ती नुसता चाललो मी."

व्याह्यांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, आणि न ओढताच झटकून टाकली. "आणि मी चारचौघांत तुमच्या नाकाची जाहिरात करत फिरतोय."

त्यांचं स्वतःचं नाक तपकिरीने कधीच निकामी झालेलं. शेवटी बायकोने पिशव्या खाली ठेवल्या, जमिनीवर पोतं टाकलं आणि गुडघे टेकून हुंगत गाडीभोवती सरकू लागली. मागच्या चाकाशी येऊन थांबली. "इथे आहे," म्हणाली.

त्याने इंजिन बंद केलं, जॅक लावला, चाक उतरवलं, पट्टी सोडवली. पट्टीखाली पाइप गंजून चाळणी झाला होता. बोट लावताच भुगा पडला, आणि भुगा ओला होता. वीतभर खाली तापलेला सायलेन्सर.

परतीचाही पाइप त्याने नवा घातला. प्रत्येक जोडाला कोरा कागद गुंडाळून इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. कागद कोरडे राहिले. बायकोने पुन्हा फेरी मारली. दुपार टळली. व्याही स्टुलावर बसून होते.

"हे आधी सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी गाडी दुसरीकडे दिली असती, असं वाटलं का तुम्हाला?"

"हो."

व्याह्यांनी थोडा विचार केला. "दिली असती," म्हणाले. मग उठून त्यांनी चावी घेतली. "चला, तुम्ही दोघंही चला घरापर्यंत. विहीणबाई, तुम्ही पुढे बसा. नाक पुढे असलेलं बरं."

"टाकी मागे आहे," बायको म्हणाली आणि मुलीशेजारी मागे बसली.

तो पुढे बसला. गाव मागे पडेपर्यंत तो सारखा मान वळवून तिच्याकडे बघत होता. तिने काच खाली घेतलेली होती आणि ती बाहेरचा वास घेत सावध बसली होती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, वेग आला. थोड्या वेळाने तिने काच पूर्ण वर केली, नातीला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. मग तो समोर बघू लागला.