सरकारकडे मटणाची मागणी

आमच्या पनवेलच्या चर्चमध्ये कुठलाही कागद फिरला की लोक तो वाचत नाहीत. वरच्याने काय लिहिलंय ते बघतात आणि खाली तसंच खरडतात. या सवयीवर मी आयुष्यभर चिडत आले. त्या रविवारी मात्र सगळ्यांचे मुके घ्यावेसे वाटले!

नाताळ तोंडावर आलेला. या दिवसांत प्रीतिभोजनाची यादी बाकांवरून फिरते: घरात माणसं किती, मटण किती, शाकाहारी किती. आई दरवर्षी लिहायची, 'दोघी. दोन मटण.' म्हणजे ती आणि मी. उलव्यात माझ्याबरोबर चार वर्षं संसार करणारी माझी जोडीदार त्या यादीत कधीच नव्हती. आईच्या तोंडी ती 'तुझी रूममेट'.

या वेळी यादीऐवजी आधी भलताच कागद आला. सरकारला निवेदन: बाईचं बाईशी, पुरुषाचं पुरुषाशी लग्न कायद्याने मान्य करू नये. खाली सह्यांसाठी मोकळी जागा. आईने सही केली तर मी पुन्हा तिच्या घरी कुठल्या तोंडाने जेवणार होते?

आमचा बाक पहिला. आईने चष्मा चढवला, अख्खा कागद ओठ हलवत वाचला, काहीतरी लिहिलं आणि मागे दिला. मला बघूसुद्धा दिलं नाही, बाईने!

उपासना संपली आणि सेक्रेटरीकाका कागद नाचवत अंगणात आले. "अहो, हे सरकारला पाठवायचंय! 'चार मटण', 'पाच मटण, एक शाकाहारी', 'सहा मटण, रस्सा तिखट ठेवा'! सही एकाचीही नाही! सुरुवात कुणी केली?"

"अगंबाई, मीच की," आई म्हणाली. "चष्मा नव्हता ना."

चष्मा नाकावरच होता. मी तोंडात ओढणी कोंबून नळाकडे पळाले. पाळकसाहेब रुमाल धरून खोकत होते, पण तो खोकला काही खरा नव्हता.

रिक्षात मी आईला घट्ट मिठी मारली.

"सोड गं! मला पटलंय असं समजू नकोस. पाळकसाहेब याला पाप म्हणतात, त्यांना खोटं म्हणायची माझी छाती नाही. पण तुझ्याविरुद्ध सही करायला हात चालेना."

"मग लिहिलंस तरी काय?"

"काय लिहिणार? तिघी. दोन मटण, एक शाकाहारी. ती मटण खात नाही ना?"