दाजींची जादा गाडी

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस उदगीर-नांदेड रस्त्यावर दुसरा झाला नाही, आणि माझं विचाराल तर होऊही नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उभी हयात त्यांनी लाल गाडीत कंडक्टरकी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गाडी काही त्यांच्यातून उतरली नाही. अजून चार माणसं दिसली की ते आधी मोजतात आणि मग रांगेत लावतात. भाचीच्या लग्नात नवरदेवाचे मामा जेवणाच्या रांगेत मधेच घुसले, तेव्हा दाजींनी त्यांना दंडाला धरून शेवटी नेऊन उभं केलं. आम्ही मुलीकडचे होतो, हे त्यांच्या लेखी किरकोळ.

त्यांचा खरा राग वळखीवर. आमच्याकडे माणूस आजारी पडला की ताप किती हे नंतर विचारतात, आधी विचारतात, "तिथं कुणी वळखीचं हाय का?" हे ऐकलं की दाजींचं डोकं तापतं. "गाडीत चढला तो प्रवासी. त्याला मी इचारतो का, तुझा मामा कोण म्हणून? मग दवाखान्यात वळख कशाला? दुखून राहिलंय, एवढी वळख पुरंना का?" सरकारी दवाखान्यात ते कुणाला भेटायला म्हणून जातात आणि केसपेपरच्या रांगेचा ताबा घेतात. लेकुरवाळ्या पुढे, म्हाताऱ्यांना बाकडं, घुसखोर मागे. एकदा कडक इस्त्रीतल्या एका पुढाऱ्याला त्यांनी असंच मागे नेलं. तो म्हणाला, "मला ओळखलं नाही का?" दाजी म्हणाले, "न्हाई. तेच बरं हाय." कुणापुढे हात जोडणं हे तर त्यांच्या रक्तातच नाही. तिथला एक नवा शिपाई बरेच दिवस त्यांना साहेब समजून सलाम ठोकत होता.

मला या सगळ्याचं फार कौतुक होतं. गेल्या वर्षी अक्का न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि माझं कौतुक तिथंच संपलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तऱ्हा सगळीकडे तीच. हाडांच्या ऑपरेशनला एकच टेबल, तेही आठवड्यातून दोनच दिवस, आणि वॉर्डभर बायका पायाला वजनं बांधून पडलेल्या. अक्काचा नंबर सहावा होता. ती ओरडत नव्हती, पदर दातात धरून पडायची. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. व्हरांड्यात जाऊन मी एक फोन केला. माझा शाळेतला दोस्त त्याच दवाखान्याच्या ऑफिसात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत अक्का पहिली.

दाजींना अख्ख्या वॉर्डाचे नंबर तोंडपाठ असणार, हे मी विसरलो होतो. पहिला नंबर माहूरच्या एका बाईचा होता. गडाच्या पायऱ्यांशी ती कुंकू विकायची आणि अकरा दिवसांपासून वाट बघत होती. ऑपरेशनसाठी काढलेल्या बांगड्या ती आता पुन्हा हातात चढवत बसली होती. ते बघून दाजी सरळ डॉक्टरांकडे गेले. "यादी चुकली सायेब. आमचं मानूस सहावं हाय." तो तरुण डॉक्टर थकलेला होता. म्हणाला, "काका, मिळतंय तर घ्या की." दाजी म्हणाले, "मिळायला ही काय खिरापत हाय? हक्काचं हाय, ज्याचं त्याला द्या."

मी भडकलो. "दाजी, ती बायको आहे तुमची. तत्त्वं स्वतःच्या हाडांवर चालवा."

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "गाडी भरली तर जादा गाडी मागायची असती. बसलेल्या बाईला उतरवायचं नसतं."

"आणि जादा गाडी येणार कधी?"

उत्तर अक्कानं दिलं, दोघांनाही. "तू फोन केला, मला इचारलं न्हाई. ह्यांनी नंबर सोडला, तवा बी इचारलं न्हाई. हाड माझं मोडलंय ना? जाऊ द्या तिला आधी. आता तिच्या तोंडाकडं कशी बघू मी?"

अक्काचा नंबर त्यानंतर सतरा दिवसांनी लागला. ती चालते, पण डावा पाय ओढत. उशिरामुळे की वयामुळे, हे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. मला अजून राग येतो. थोडा दाजींचा येतो, थोडा माझा. पण खरा संताप येतो तो एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या मोडक्या हाडांना एक टेबल पुरेल असं ठरवणाऱ्यांचा. दोन पडलेल्या बायकांना एकमेकींच्या आड आणून ते मोकळे झाले, आणि भांडलो आम्ही साले-मेव्हणे. दाजी दर सोमवारी दुसऱ्या टेबलासाठी अर्ज देतात. पोच मिळते, टेबल मिळत नाही. आणि माझ्या मोबाइलमधला त्या दोस्ताचा नंबर मी अजून खोडलेला नाही.

परवा दोघांना उदगीरच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. अक्का एक पाय पायरीवर ठेवून दुसरा वर ओढत होती, आणि नव्या कंडक्टरचा हात बेलच्या दोरीकडे गेला होता. दाजी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. वाटलं, आता हक्काचं भाषण होणार.

"थांब बाबा जरा," ते म्हणाले, "चढून राहिली ती." आणि त्यांनी त्या पोरसवदा कंडक्टरपुढे हात जोडले.

मला तिकडे बघवेना. मी खिडकीतून अक्काची पिशवी आत देत राहिलो.