कासुबा मास्तरांचा लेखी प्रश्न

कासुबा मास्तर आमच्या लुंगावेच्या शाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना स्वतःचं नावही एका दमात सांगता आलं नव्हतं. 'क' वर जीभ अडली ती अडलीच. पोरं फिदीफिदी हसली. मास्तर रागावले नाहीत. वळले आणि खडूनं फळ्यावर टपोऱ्या अक्षरात नाव लिहिलं. पुढे वर्षानुवर्षं ते असंच शिकवत राहिले, बोलायचं थोडं आणि लिहायचं फार. त्यामुळे आमच्याकडची पोरं लवकर वाचायला लागली. न वाचून करतात काय, मास्तर काय म्हणतायत ते कळायलाच हवं ना!

माझी कुंडा त्याच शाळेत शिकली. तिच्यावरून मला सगळे बाना-कुंडा म्हणतात, कुंडाची आई. बांग्वेउलू तलावाच्या धक्क्याला लागून माझी सुक्या मासळीची शेड आहे. या धक्क्यावर कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, ते आधी माझ्या शेडमध्ये कळतं.

कुंडा लग्न होऊन पलीकडच्या बेटावर गेली. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी अडली. जावयानं तिला ओंडक्याच्या होडीत घातलं आणि लुंगावेच्या दवाखान्याकडे वल्हवत निघाला. वारा उलटा होता. कुंडा वाचली, बाळ गेलं.

तेव्हा सुंकुटू आमचे खासदार होते. ते मातीला आले. माझ्या अंगणात उभे राहून असं बोलले की बायका हुंदके देऊन रडल्या. मग गाडीत बसले आणि गेले. कासुबा मास्तर मात्र जावयाशेजारी चटईवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी त्याला विचारलं, "दवाखान्याची ह-होडी मागितली होती का?"

"नर्सबाई म्हणाल्या, मंजूर झालीय, आली नाही."

"मंजूर कधी झाली?"

"ते त्यांनाही माहीत नाही, मास्तर."

मास्तर मान हलवत राहिले. त्या दिवशी मला वाटलं, एवढंच विचारायला हवं होतं आणि एवढंच आजवर कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीला मास्तरांना उभं करायचं ठरवलं ते आम्ही मासळीवाल्या बायकांनी. मास्तर नको नको म्हणत होते. त्यांची बायको बाना-मलामा कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बायांनो, या माणसाला बाजारात मीठ मागायचं तर दुकानदार तोवर दुसरी तीन गिऱ्हाइकं उरकतो. आणि तुम्ही याला राजधानीत पाठवताय?"

सुंकुटूंनी तर सभेत टोला हाणला. "पाठवा, अवश्य पाठवा. याचं 'माननीय सभापती' म्हणून होईपर्यंत पाच वर्षं संपतील." सगळी सभा हसली. मागे उभे असलेले मास्तरही हसले, कारण विनोद चांगला होता. पण बेटांवरच्या निम्म्या मतदारांना मास्तरांनी अक्षर शिकवलेलं होतं. थोडक्यात का होईना, मास्तर निवडून आले.

राजधानीतलं सभागृहाचं कामकाज रेडिओवर लागतं. मास्तर पहिल्यांदा बोलायला उभे राहणार होते त्या दिवशी माझ्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सभापतींनी नाव पुकारलं. मग रेडिओतून नुसतं "म... म... म..." येत राहिलं. कोणीतरी बाक वाजवला. कोणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. सभापती म्हणाले, "माननीय सदस्यांनी पुढच्या वेळी तयारी करून यावं," आणि दुसऱ्याचं नाव घेतलं. बाना-मलामा उठली, कमरेला गुंडाळलेलं चितेंगे झटकलं आणि घरी गेली. आम्ही मासळी निवडत राहिलो. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना.

सुट्टीत मास्तर गावी आले. मी कसाव्याच्या पाल्याची भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मास्तर उब्वालीचा, मक्याच्या उकडीचा, गोळा हातात धरून नुसते बसले होते.

"मी र-राजीनामा देतो," ते म्हणाले.

बाना-मलामानं भांडं खाली ठेवलं. "शाळेत पोरं हसली तेव्हा दिला होतात?"

"तिथे फळा होता."

"आणि राजधानीतल्या एवढ्या मोठ्या इमारतीत एक फळा नाही?"

 मास्तर हातातला घास तसाच ठेवून आत गेले आणि सभागृहाच्या नियमांचं पुस्तक घेऊन आले. त्यात होतं की खासदाराला मंत्र्याला लेखी प्रश्न विचारता येतो. मंत्र्याला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि प्रश्न नि उत्तर दोन्ही छापून सगळ्यांपुढे येतात. बहुतेक खासदार त्या वाटेला जात नसत. लेखी प्रश्न रेडिओवर ऐकू येत नाही, मग त्यांना कशाला हवा?

"हे चालेल," मास्तर म्हणाले. हे मात्र न अडता म्हणाले.

पहिला प्रश्न त्यांनी आरोग्यमंत्र्यांना होडीचाच विचारला: बांग्वेउलूच्या बेटांवरच्या बाळंतिणींसाठी सरकारनं होड्या दिल्या आहेत काय, आणि त्या चालू आहेत काय? उत्तर आलं: 'होय. होड्या देण्यात आल्या असून त्या जनतेची समाधानकारक सेवा करीत आहेत.'

मास्तरांनी ते शेडमध्ये वाचायला दिलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "समाधानकारक? कोणाचं समाधान झालं? माझ्या कुंडाचं? मास्तर, हा माणूस धडधडीत खोटं लिहितो आणि तुम्ही हसताय?"

"चूक माझी आहे, बाना-कुंडा," मास्तर म्हणाले. "मी वर्गात विचारायचो, अ-अभ्यास केला का? सगळी पोरं हो म्हणायची. म्हणून नंतर विचारायला लागलो, दुसऱ्या गणिताचं उत्तर काय आलं? मग खरं कळायचं."

दुसरा प्रश्न त्यांनी आमच्यात बसूनच तयार केला. होडी कोणत्या धक्क्याला बांधलेली असते? तिच्या नावाड्याचं नाव काय? तिला इंधन शेवटचं कधी मिळालं? मी म्हटलं, "आणि हेही लिहा की तुम्हाला लाज कशी वाटत नाही." मास्तर म्हणाले, "त्याला उत्तर द्यावं लागत नाही. ज्याला उ-उत्तर द्यावंच लागतं तेवढंच विचारायचं."

उत्तर आलं, 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' मास्तरांनी लगेच विचारलं, संकलन कोणत्या तारखेला पूर्ण होईल? ती तारीख उलटली. मास्तरांनी विचारलं, तारीख उलटण्याचं कारण काय? सभागृहाच्या व्हरांड्यात इतर खासदार त्यांची थट्टा करायला लागले. "काय मास्तर, आज कोणाची परीक्षा?" आमच्याच पक्षातल्या एका पुढाऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन बजावलं की अशानं पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही. मास्तरांनी ते घरी सांगितलं नाही. बाना-मलामाला दुसरीकडून कळलं, आणि तिनंही त्यांना कळू दिलं नाही की तिला कळलंय.

मग खुद्द मंत्र्यांनी त्यांना जेवणाच्या दालनात गाठलं. "मास्तर, हे कागदी युद्ध कशाला? माझ्याकडे या, चहा घेऊ, तोंडी बोलून टाकू."

मास्तर म्हणाले, "साहेब, माझ्याशी तोंडी ब-बोलायचं तर तुमचा अख्खा दिवस जाईल. लिहिलेलंच बरं."

शेजारच्या टेबलावरचे हसले. पण यावेळी ते मास्तरांना हसत नव्हते.

अखेर उत्तर आलं. मास्तर ते घेऊन लुंगावेला आले, धक्क्यावर लोकांना बोलावलं आणि कागद कुंडाच्या हातात दिला. कुंडानं खणखणीत आवाजात वाचलं: होडी लुंगावे धक्क्यालाच बांधलेली असते. इंधन नियमित दिलं जातं. नावाड्याचं नाव, चिबाले न्गांद्वे.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. न्गांद्वे तिथेच, आपल्या कढईपाशी फितुंबुवा, पिठाचे गोड गोळे, तळत बसला होता. तोंड उघडं, हातात झारा.

"मी?" तो म्हणाला. "अहो, मला पाण्याची भीती वाटते."

असा हशा उठला की धक्क्याखालची बदकं उडाली. कोणीतरी ओरडलं, "नावाडीसाहेब, आम्हाला पलीकडे सोडा." दुसरा म्हणाला, "आधी पगारातून सगळ्यांना फितुंबुवा." न्गांद्वे बिचारा इकडेतिकडे बघत राहिला. कढईतला एक गोळा जळून कोळसा झाला. मग हळूहळू हसू ओसरलं. कुंडा कागद धरून तशीच उभी होती. ती हसली नव्हती.

"माझं नाव कोणी लिहिलं?" न्गांद्वेनं आता रागानं विचारलं. "कुंडाचं बाळ गेलं ते माझ्या होडीची वाट बघत गेलं, असं होतं हे. मास्तर, मला लिहून द्यायचंय की मी नावाडी नाही."

"द्या," मास्तर म्हणाले. "तुम्हाला मी ल-लिहायला शिकवलंय."

त्यानंतरचा प्रश्न आमच्या गावात आजही अनेकांना पाठ आहे. 'उत्तरात नावाडी म्हणून नमूद केलेले श्री. चिबाले न्गांद्वे हे लुंगावे धक्क्यावर फितुंबुवा तळतात, हे माननीय मंत्र्यांना ठाऊक आहे काय? असल्यास, माननीय मंत्री स्वतः लुंगावेला येऊन श्री. न्गांद्वे यांना त्यांची होडी दाखवतील काय?' सोबत न्गांद्वेच्या सहीचा कागद.

तो छापून आल्यावर वर्तमानपत्रांनी उचलला. मंत्र्यांवर सभागृहात उभं राहून खुलासा करायची वेळ आली, आणि तो रेडिओवर लागला. मंत्री चांगले बोलणारे. पण त्या दिवशी त्यांचीही जीभ दोनदा अडखळली. शेडमध्ये एक बाई म्हणाली, "याला मास्तरांची बाधा झाली." बाना-मलामा पोट धरून हसली. मी तिला तशी हसताना फार वर्षांनी पाहिलं.

होडी होती, हे विशेष. सरकारनं ती खरोखरच घेतली होती. ती जिल्ह्याच्या गावी एका आवारात ताडपत्रीखाली पडून होती, इंजिन खोक्यातून काढलेलंही नव्हतं, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. नावाडी नेमायचा कोणी आणि इंधन कोणाच्या खात्यातून, यावर दोन कचेऱ्यांचं एकमत होत नव्हतं. अहवाल तर पाठवायचा होता, म्हणून कोणीतरी मतदारयादीतून एक नाव उचललं. एवढी साधी गोष्ट. ती कळल्यावर मला संताप आला आणि रडूही आलं. कोणी दुष्ट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

पावसाळ्याआधी ट्रकवरून होडी लुंगावेला आली. मागोमाग मंत्री आले. नावाडी म्हणून बेटावरचाच एक पट्टीचा मच्छीमार नेमला होता. मंत्री धक्क्यावर उभे राहून म्हणाले, "माझ्यापुढे जे ठेवलं त्यावर मी सही केली. खोटं मी लिहिलं नाही, पण खाली नाव माझं होतं, म्हणून ते माझंच. तुमच्या मास्तरांचा प्रश्न आला की आता माझी माणसं आधी जागेवर जाऊन बघून येतात, मग उत्तर लिहितात. मीही आता वाचल्याशिवाय सही करत नाही."

मला मंत्र्यांचं कौतुक करायचं नाही. पण भर लोकांत 'माझंच' म्हणायला छाती लागते. न्गांद्वेनं त्यांना फितुंबुवा खाऊ घातले आणि होडीत बसायला साफ नकार दिला.

मास्तरांकडे सगळे बघत होते, आता तरी दोन शब्द बोलतील म्हणून. ते पुढे आले, ओठ हलले, शब्द अडला. लोक थांबले. कोणी खाकरलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. बराच वेळ गेला. मग मास्तर म्हणाले, "इं-इंधनाचं मी दर तिमाहीला विचारेन," आणि खाली बसले. एवढंच भाषण. सुंकुटूंच्या कुठल्याही भाषणाला पडल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या.

त्यांनी खरंच दर तिमाहीला विचारलं. शिवाय शाळेच्या छपराचं विचारलं, बेटावरच्या विहिरीचं विचारलं. काही गोष्टी झाल्या, काही झाल्या नाहीत. छप्पर अजून अर्धंच आहे. पक्षानं तिकीट द्यायला खळखळ केली, तेव्हा आम्ही बायका पक्षाच्या कचेरीत जाऊन बसलो आणि मासळीच्या टोपल्याही सोबत नेल्या. उन्हाची वेळ होती. दुपारपर्यंत तिकीट मिळालं. निवडणुकीत सुंकुटू पुन्हा म्हणाले, "पाच वर्षांत या माणसानं सभागृहात एक भाषण केलेलं नाही." तर पुढच्या रांगेतली एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "बाबा, तू खूप केलीस. आम्ही ऐकली." यावेळी मास्तर थोडक्यात निवडून आले नाहीत, चांगले भरघोस आले.

परवा दक्षिणेकडची एक तरुण खासदार बसनं लुंगावेला आली. मास्तरांकडून प्रश्न लिहायला शिकायचं होतं तिला. तिच्या भागातल्या धरणाच्या पाण्याबद्दल तिनं पानभर लिहून आणलं होतं. मास्तरांनी ते वाचलं आणि तिला माझ्या शेडमध्ये आणून बसवलं. म्हणाले, "हिला व-विचारा." मी मासळी निवडता निवडता विचारत गेले. दार कोण उघडतं? किल्ली कोणाकडे? शेवटचं पाणी कधी सुटलं? काही तिला ठाऊक होतं, काही नव्हतं. जे नव्हतं ते ती लिहून घेत गेली, आणि मास्तर शेजारी बसून तिच्या पानावरचं एकेक वाक्य खोडत गेले. पोरगी आधी हिरमुसली, मग तिला मजा वाटायला लागली. शेवटी जे उरलं ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आता याला उत्तर द्यावंच लागेल," ती म्हणाली.

मास्तर हसले. मी तिला सुक्या मासळीची एक पुडी बांधून दिली आणि बस सुटायच्या आत धक्क्यावरून स्टँडवर पोचवून आले.